प्लॅस्टिकचेही वय होते

जळगावहून यावल-रावेरच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात. बागेत जरा आत शिरून पाहिले, तर खोडांच्या प्रत्येक ओळीलगत अंगठ्याएवढ्या जाडीची काळी नळी पसरलेली दिसते. ही ठिबकची नळी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या या प्रदेशात ती वर्षानुवर्षे उन्हावाऱ्यात पडून असते आणि तरीही तग धरते. त्याच बागायतदाराच्या ओट्यासमोर ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची मात्र काही उन्हाळ्यांतच फिकट पडते, तिच्यावरून हात फिरवला की पांढुरकी भुकटी लागते आणि एखाद्या दिवशी ती बसणाऱ्यासकट मोडते. दोन्ही वस्तू प्लॅस्टिकच्याच आणि ऊनही तेच. मग हा फरक कशाचा?

घरात वयोवृद्ध माणूस असेल, तर हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहत नाही. खुर्ची मोडून पडलेला विशीतला मुलगा कपडे झटकत हसत उठतो. हाडे ठिसूळ झालेल्या पंचाहत्तरीच्या आजींचा मात्र खुबा मोडतो. मग शस्त्रक्रिया, अंथरूण, पाठीला होणाऱ्या जखमा, न्युमोनियाची धास्ती आणि कित्येकदा कायमचे परावलंबित्व. ज्येष्ठांच्या पडण्याविषयी आपण बोलतो तेव्हा ओली फरशी, अपुरा उजेड, चक्कर, चष्म्याचा नंबर यांचा उल्लेख होतो. ज्या वस्तूवर ते विश्वासाने आपला भार टाकतात, त्या वस्तूच्या वयाचा विचार क्वचितच होतो.

जळगावचे नाव सोने, केळी आणि डाळ यांच्याइतकेच प्लॅस्टिकशीही जोडलेले आहे. जामनेर तालुक्यातील वाकोद येथे जन्मलेल्या भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांच्या उद्योगसमूहाने १९८० साली पीव्हीसी नळ्यांचे उत्पादन सुरू केले आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचनाकडे मोर्चा वळवला. शहराच्या औद्योगिक वसाहतीत चटया विणणारे अनेक लहानमोठे कारखाने आहेत. लग्नाच्या मांडवापासून भजनाच्या बैठकीपर्यंत अंथरली जाणारी रंगीत प्लॅस्टिकची चटई बहुधा इथलीच असते. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या येथील विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत प्लॅस्टिक तंत्रज्ञानाचे शिक्षणही मिळते. तात्पर्य, प्लॅस्टिक म्हातारे का होते आणि त्याला तरुण कसे राखायचे, ही विद्या खान्देशात चांगलीच रुजलेली आहे. ती कारखान्यातून माजघरापर्यंत मात्र फारशी पोचलेली नाही.

शेंगदाण्याचे कूट बरेच दिवस उघडे राहिले की त्याला खवट वास येतो. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवले की ते काळपट आणि चिकट होते. तेलातील रेणूंवर हवेतील प्राणवायूने केलेल्या हल्ल्याचा तो परिणाम. त्यालाच ऑक्सिडीकरण म्हणतात. प्लॅस्टिकचे वार्धक्य हीदेखील मुळात तीच क्रिया आहे. १९४०च्या दशकात इंग्लंडमध्ये बोलंड आणि गी या संशोधकांनी रबर आणि तेलातील मेदाम्ले यांच्यावर प्रयोग करून या क्रियेचा जो आराखडा मांडला, तोच आजही प्लॅस्टिकच्या अभ्यासाचा पाया मानला जातो.

पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन ही दोन्ही प्लॅस्टिके म्हणजे कार्बन अणूंच्या अतिशय लांब साखळ्या. उन्हातील अतिनील किरणांनी किंवा उष्णतेने एखादी कडी दुखावली की तिथे एक अस्वस्थ, अर्धवट तुटलेला रेणू तयार होतो. आरोग्यविषयक लेखांतून आपण ज्याला ‘फ्री रॅडिकल’ म्हणून ओळखतो, तोच हा. तो प्राणवायूला पकडतो, मग शेजारच्या साखळीतील हायड्रोजन ओढून घेतो आणि तिला आपल्यासारखेच अस्वस्थ करून सोडतो. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असा वणवा पेटतो. लांब साखळ्यांचे तुकडे होत जातात आणि वाकणारे, लवचिक प्लॅस्टिक ठिसूळ बनते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे भुसावळच्या पत्र्यावर ठेवलेली वस्तू महाबळेश्वरच्या वस्तूआधी का म्हातारी होते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या वणव्याला आवर घालण्यासाठी प्लॅस्टिक तयार करतानाच त्यात रक्षक द्रव्ये मिसळतात. त्यांनाही अँटिऑक्सिडंटच म्हणतात, आणि हा नामसाधर्म्याचा योगायोग नाही. अस्वस्थ रेणूला स्वतःजवळचा हायड्रोजन देऊन शांत करणे, हेच काम आपल्या शरीरात ई जीवनसत्त्व करते आणि प्लॅस्टिकमध्ये फिनॉल वर्गातील रसायने करतात. त्यांचे प्रमाण अगदी अल्प, किलोमागे साधारण एक ते पाच ग्रॅम. उन्हासाठी वेगळे रक्षक लागतात. १९७०च्या दशकात प्रचारात आलेली अमाइन वर्गातील द्रव्ये त्यांत सर्वांत प्रभावी. ती काम करताना पूर्णपणे खर्च होत नाहीत, बऱ्याच अंशी पुन्हा पूर्वपदावर येतात, म्हणून पुष्कळ काळ पुरतात. आणि सर्वांत स्वस्त, सर्वांत भरवशाचा रक्षक म्हणजे काजळी. ठिबकच्या नळीत दोन ते तीन टक्के अतिसूक्ष्म काजळी एकजीव केलेली असते. ती अतिनील किरण स्वतःच गिळून टाकते, त्यांना आत शिरूच देत नाही. नळीच्या काळ्या रंगाचे रहस्य एवढेच आहे. दिवाणखान्यात काळी खुर्ची कोणाला आवडत नाही, म्हणून खुर्चीला हे कवच मिळत नाही. तिला महागड्या रक्षकांवर अवलंबून राहावे लागते, आणि स्वस्त मालात काटछाट होते ती नेमकी तिथेच.

रक्षक द्रव्याचा साठा शिल्लक असेपर्यंत वस्तूच्या ताकदीत विशेष फरक पडत नाही. साठा संपला की ऱ्हास एकाएकी वेग घेतो. माणूस हळूहळू थकतो, तसे प्लॅस्टिकचे होत नाही. ‘पाच वर्षे झाली, काही झालं नाही, आता काय होणार?’ हा युक्तिवाद म्हणूनच घातक ठरतो. पाच वर्षांत साठा संपत आलेला असतो, आणि त्याचा आवाज होत नाही.

आता खुर्चीकडे जरा सावकाश पाहू. एकसंध साच्यातून निघणारी ही खुर्ची बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. १९५४ साली इटलीत जूलिओ नाता यांनी हे प्लॅस्टिक तयार केले आणि १९६३ साली त्यांना कार्ल झीग्लर यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. हलके, स्वस्त आणि मजबूत. पण त्याच्या रेणूच्या घडणीतच एक नाजूक जागा आहे, आणि प्राणवायू तिथे सहज घाव घालतो. रक्षक न घातलेले पॉलिप्रॉपिलीन उन्हात काही आठवडे ते काही महिनेच टिकते. स्वस्त खुर्च्यांमध्ये खडूची पूडही बरीच मिसळलेली असते. त्याने वजन भरते आणि खुर्ची ताठ वाटते, पण ती वाकण्याऐवजी तडकते. पुनर्वापराचे प्लॅस्टिक असेल, तर मूळ रक्षक आधीच्या आयुष्यात आणि पुन्हा वितळवताना बराचसा खर्ची पडलेला असतो. नव्याने रक्षक घातले नाहीत, तर अशी खुर्ची दुकानातून येते तीच मुळी अर्धी म्हातारी होऊन.

ऊन फक्त वरच्या पातळ थराला जाळते. आतले प्लॅस्टिक बरेचसे शाबूत राहते. यामुळे काहींना वाटते की वरवर रंग उडाला तर बिघडले काय? बिघडते ते असे. ठिसूळ झालेल्या वरच्या थरात केसासारखी बारीक चीर पडते आणि भार येताच ती चीर आतल्या धडधाकट भागात घुसते. कापड फाडण्याआधी आपण कडेला कात्रीने छोटा काप देतो आणि मग ते सहज टरकते, तसाच हा प्रकार. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. साधे पॉलिप्रॉपिलीन शून्याच्या जवळ जाऊ लागले की मुळातच कडक आणि तडकणारे होते. उन्हाळ्यात म्हातारी झालेली खुर्ची थंडीच्या सकाळी, अंगणात कोवळे ऊन खायला बसलेल्या आजोबांखाली मोडण्याची शक्यता म्हणूनच अधिक.

तपासणी सोपी आहे आणि ती घरातल्या धडधाकट माणसाने करावी. गडद रंगाचे ओले फडके खुर्चीच्या हातांवरून व पाठीवरून घासावे. फडक्यावर पांढरी पूड आली, तर वरचा थर खचला आहे असे समजावे. मग खुर्ची उलटी करून मागचे दोन पाय बैठकीला जिथे जोडलेले असतात त्या कोनाड्यात, शक्य असेल तर बॅटरीच्या उजेडात पाहावे. बारीक रेघा किंवा पांढरट वळ दिसला, तर ती खुर्ची ज्येष्ठांसाठी त्याच क्षणी बाद. तिला टाके घालू नयेत, तारेने बांधू नये आणि ‘निदान न्हाणीघरात चालेल’ असे म्हणून तर मुळीच ठेवू नये. ओल्या फरशीवर पाय फाकून मोडलेली खुर्ची ही सर्वांत वाईट. प्लॅस्टिकच्या धारदार कडा मांडीत घुसतात त्या वेगळ्याच. दोन खुर्च्या एकात एक घालून बसवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. भार वाटला जातो हे खरे, पण दोन म्हाताऱ्या एकमेकींना किती सावरणार?

बसवायचेच असेल तर रुंद पायांची, हात असलेली लाकडी किंवा लोखंडी खुर्ची उत्तम. उठताना ज्येष्ठ माणूस दोन्ही हातांवर जवळजवळ सगळा भार टाकतो, आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीचे हात याच क्षणी परीक्षेला बसतात. प्लॅस्टिकची खुर्ची वापरायची असेल, तर ती ओसरीच्या सावलीत राहावी. बाहेर नेली तर काम संपताच आत यावी.

पुष्कळ वस्तूंच्या बुडाशी, खुर्चीच्या बैठकीखाली किंवा बादलीच्या तळाला, घड्याळासारखे एक लहान वर्तुळ उमटवलेले असते. भोवती १ ते १२ आकडे, मध्ये बाण आणि बाणाच्या दोन्ही बाजूंना वर्षाचे दोन आकडे. बाण ज्या आकड्याकडे, त्या महिन्यात ती वस्तू साच्यातून निघाली. सगळ्याच कारखान्यांच्या मालावर हे नसते, पण असेल तर ती त्या वस्तूची जन्मतारीख होय. नातवंडांना हे वर्तुळ शोधायला सांगावे; घरातल्या सगळ्या वस्तूंची जंत्री तासाभरात तयार होते.

रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांनी कमोडच्या खुर्चीकडे विशेष लक्ष द्यावे. तिचा सांगाडा धातूचा असला, तरी बैठकीचे कडे आणि भांडे प्लॅस्टिकचे असते. स्वच्छतेच्या ओढीने ते ब्लीचने धुतले जाते आणि मग कडक उन्हात वाळत ठेवले जाते. ब्लीच हे स्वतःच जोरदार ऑक्सिडीकरण करणारे रसायन, आणि वर ऊन; हेतू चांगला असूनही दोन्ही मिळून त्या वस्तूचे आयुष्य घटवतात. तडकलेल्या कड्यात मांडीची नाजूक कातडी चिमटली, तर मधुमेही रुग्णाची जखम भरायला महिने लागू शकतात. रोज साबणाच्या पाण्याने धुवावे. जंतुनाशक वापरायचे तेव्हा बाटलीवर सांगितल्याप्रमाणे पातळ करून वापरावे, मग भरपूर पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. ऊन द्यायचे ते गादीला आणि चादरींना.

रबराचीही हीच कथा. त्याच्यावर प्राणवायूबरोबर हवेतील ओझोनचाही मारा होतो. काठीच्या आणि वॉकरच्या टोकाचे रबर कडक होऊन गुळगुळीत झाले की ते फरशीला धरून राहत नाही. नखाने दाबून पाहावे, दबले नाही तर बदलावे. किंमत किरकोळ आहे. शेकण्याच्या रबरी पिशवीला घडीच्या जागी चिरा दिसल्या, तर तिच्यात पुन्हा गरम पाणी भरू नये, कारण पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला भाजल्याचेही चटकन कळत नाही. गॅसच्या शेगडीची ‘सुरक्षा’ नळी साधारणपणे पाच वर्षांनी बदलायची असते आणि मुदत तिच्यावरच छापलेली असते. मुले पुण्या-मुंबईला आणि घरात दोघेच म्हातारे, अशा घरांत ही नळी किती वर्षांची आहे हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते. दिवाळीला आलेल्या मुलाने मिठाईच्या डब्याआधी ती पाहावी.

आता पाण्याकडे वळू. पीव्हीसी या प्लॅस्टिकचे दुखणे थोडे निराळे आहे. नळी ओतण्यासाठी ते तापवले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटू लागते आणि प्लॅस्टिक पिवळे, मग तपकिरी होऊन नासते. ते थोपवण्यासाठी स्थिरक द्रव्ये घालावीच लागतात. भारतात कित्येक वर्षे यासाठी शिशाची संयुगे वापरात होती, कारण ती स्वस्त आणि गुणकारी होती. अडचण अशी की नळीच्या आतल्या पृष्ठभागातून शिसे थोड्या प्रमाणात पाण्यात उतरू शकते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने २०२१ साली पीव्हीसी नळ्यांतील शिशाच्या स्थिरकांविषयी स्वतंत्र नियम अधिसूचित केले आणि उद्योगाला कॅल्शियम-जस्तासारख्या पर्यायांकडे वळणे भाग पडले.

शिसे म्हटले की आपण लहान मुलांच्या मेंदूचा विचार करतो, आणि तो योग्यच आहे. पण ज्येष्ठांचाही या गोष्टीशी संबंध आहे. शरीरात गेलेले शिसे मुख्यतः हाडांत साठते आणि तिथे दशकानुदशके पडून राहते. उतारवयात, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, हाडांची झीज सुरू झाली की हा जुना साठा हळूहळू रक्तात उतरू लागतो. रक्तदाबावर व मूत्रपिंडांवर त्याचा ताण पडतो. म्हणून आयुष्यभराच्या साठ्यात आणखी भर पडू न देणे एवढे तरी आपल्या हाती आहे. घरात जुन्या पीव्हीसी नळ्या असतील, तर रात्रभर नळीत साचलेले पाणी सकाळी पिण्यासाठी न धरता आधी भांडी-धुण्याला वापरावे. शेतासाठीची करडी नळी उरली म्हणून ती पिण्याच्या पाण्याला जोडण्याची काटकसर करू नये. नवी नळी घेताना तिच्यावर आयएसआय चिन्ह आणि शिसेविरहित असल्याचा उल्लेख पाहावा. भिंतीवरून उघड्यावर गेलेल्या नळ्यांना फिकट रंगाचा पाण्यात मिसळणारा रंग दिल्यास उन्हाचा मारा पुष्कळ कमी होतो.

गच्चीवरची काळी टाकी सहसा लवकर मोडत नाही. काजळीचे कवच तिलाही असते. आधी जाते ते तिचे झाकण. ते पातळ असते, सतत उघडले-मिटले जाते, आणि तडकले की वैशाखातल्या वावटळीत उडून शेजाऱ्याच्या गच्चीवर जाते. उघड्या टाकीत डेंग्यूचा डास अंडी घालतो. धुळे-जळगावकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे साठवण अटळच. मग निदान टाकीचे आणि पिंपाचे झाकण दर पावसाळ्यापूर्वी तपासावे. बाजारातून जुने निळे पिंप आणताना त्यात पूर्वी काय भरलेले होते याची खात्री देता येत नसेल, तर ते पिण्याच्या पाण्यासाठी घेऊच नये.

चटईविषयी थोडेच. उन्हात विटलेली चटई कडेने उसवते, तिच्या काड्या सुटतात आणि गुळगुळीत टाइल्सवर ती सरकते. ज्येष्ठांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर तिला स्थान नसावे. गच्चीवरच्या खाटेच्या नायलॉनच्या पट्ट्यांचेही तेच. निजण्याआधी ताणून पाहाव्यात.

घरातून आता दवाखान्यात जाऊ. निर्जंतुक सिरिंज, सलाईनची नळी, मूत्रमार्गात घालायची नळी या वस्तू आपण पाकीट फोडून वापरतो. त्या निर्जंतुक करण्याची एक मोठी पद्धत म्हणजे गॅमा किरणांचा मारा. मुंबईत तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘आयसोमेड’ या प्रकल्पात १९७४ पासून हे काम चालते. वैद्यकीय साहित्यासाठी देशातला हा पहिलाच असा प्रकल्प. गॅमा किरण जंतूंना मारतात, पण त्याच वेळी प्लॅस्टिकच्या साखळ्यांनाही घाव घालतात. साध्या पॉलिप्रॉपिलीनची सिरिंज अशा माऱ्यानंतर महिनोन्महिने हळूहळू पिवळी आणि ठिसूळ होत जाते. त्यासाठी किरण सोसणारे, खास रक्षक घातलेले प्लॅस्टिक वापरावे लागते. पाकिटावरची मुदत हा जंतूंपुरता हिशेब नसतो. प्लॅस्टिकच्या वयाचाही त्यात विचार असतो. घरी शुश्रूषेसाठी आणलेल्या जादा नळ्या पत्र्याच्या कपाटात वर्षानुवर्षे ठेवून ‘पाकीट तर बंदच आहे’ म्हणून वापरू नयेत. कडक झालेली नळी आतून ओरखडे काढते.

गॅमा किरणांचा हाच धडा गुडघ्याच्या आणि खुब्याच्या कृत्रिम सांध्यांनी वैद्यकशास्त्राला फार महागात शिकवला. बदललेल्या गुडघ्यात मांडीच्या हाडाला धातूचे टोपण बसते, नडगीच्या हाडावर धातूची तबकडी, आणि दोहोंमध्ये कूर्चेच्या जागी प्लॅस्टिकची काही मिलिमीटर जाडीची गादी. हे प्लॅस्टिक म्हणजे अतिशय लांब साखळ्यांचे पॉलिथिलीन. ठिबकच्या नळीचा फार थोर कुळातला भाऊ म्हणा. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९६२ साली खुब्याच्या सांध्यात त्याचा वापर सुरू केला. त्याआधी त्यांनी वापरलेले टेफ्लॉन झिजून गेले होते आणि रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या होत्या.

पुढे कित्येक वर्षे या गाद्या हवा असलेल्या पाकिटात बंद करून त्यांच्यावर गॅमा किरण सोडले जात. किरणांनी साखळ्या दुखावत, पाकिटातला प्राणवायू त्या जखमांत शिरे आणि गादी कपाटात पडल्या पडल्या म्हातारी होई. जी पाकिटे फळीवर अधिक काळ राहिली, त्यांतील गाद्या शरीरात गेल्यावर लवकर तडकल्या, पापुद्रे सुटून झिजल्या. झिजेची बारीक पूड शरीरातील संरक्षक पेशी गिळतात आणि त्या गडबडीत सांध्याभोवतीचे हाडच विरघळू लागते. कृत्रिम सांधा खिळखिळा होतो. कारण ध्यानी आल्यावर १९९०च्या दशकात उत्पादकांनी पाकिटातली हवा काढून टाकली किंवा तिच्या जागी नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू भरला. त्या दशकाच्या अखेरीस साखळ्या एकमेकींना अधिक घट्ट बांधलेले पॉलिथिलीन आले.

त्यानंतर आला सर्वांत रंजक टप्पा. बांधणीसाठी वापरलेल्या किरणांनी मागे सोडलेल्या जखमा शांत करायला संशोधकांनी निवडले ते ई जीवनसत्त्व. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत या कल्पनेवर बरेच काम झाले आणि २००७च्या सुमारास ई जीवनसत्त्व भिनवलेल्या पॉलिथिलीनचे सांधे रुग्णांमध्ये बसवले जाऊ लागले. बदाम-शेंगदाण्यातून मिळणारे जे द्रव्य आपल्या पेशींच्या आवरणाला प्राणवायूच्या हल्ल्यापासून वाचवते, तेच आता प्लॅस्टिकच्या गादीतही पहारा देते. शरीरात जाणारी वस्तू असल्यामुळे कारखान्यातली इतर रक्षक रसायने इथे सरसकट वापरता येत नाहीत. हे मात्र शरीराच्या ओळखीचे.

या ठिकाणी दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्याने बसवलेल्या सांध्याच्या गादीला काहीही लाभ होत नाही. तिथले जीवनसत्त्व कारखान्यातच मुरवलेले असते. वैद्यकीय सल्ल्याशिवाय या गोळ्या मोठ्या मात्रेत घेऊ नयेत, विशेषतः रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्यांनी, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुसरे म्हणजे, ‘व्हिटॅमिन ई वाला सांधा’ हे शब्द उच्चारून किंमत चढवली जाऊ शकते. ऑक्सिडीकरणाला त्याचा प्रतिकार अधिक, हे प्रयोगशाळेत नि:संशय दिसले आहे. पण गुडघ्याच्या बाबतीत नेहमीच्या चांगल्या गादीपेक्षा तो अधिक वर्षे टिकतो, असा ठळक फरक रुग्णांच्या दीर्घकालीन नोंदींतून अद्याप पुढे आलेला नाही. माझे मत विचाराल तर, यासाठी कर्ज काढू नये. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, हेही ठाऊक असावे.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत. गादी कोणत्या प्रकारच्या पॉलिथिलीनची आहे आणि तिच्या पाकिटावर मुदत कोणती आहे? जाणकार शल्यचिकित्सक अशा प्रश्नाने रागावत नाहीत. सांध्याच्या प्रत्येक भागाच्या पाकिटावर चिकटपट्टी असते. तिच्यावर नाव, माप, गट क्रमांक, निर्जंतुकीकरणाची पद्धत आणि मुदत छापलेली असते. तिची एक प्रत रुग्णाच्या कागदपत्रांत लावून मागावी. कागदावरची शाई फिकट होते, म्हणून मोबाइलवर तिचे छायाचित्र काढून मुलाकडे किंवा मुलीकडेही पाठवून ठेवावे. बारा-पंधरा वर्षांनी तो गुडघा दुखू लागला आणि तेव्हा दवाखाना वेगळा, डॉक्टर वेगळे असले, तर त्यांना आधी हेच विचारावे लागेल की आत कोणते प्लॅस्टिक आहे आणि ते किती वर्षांचे आहे.